ओरिनस शोधायचा असेल तर आधी ब्लिथ पाठ करा

माझ्या पक्षीनोंदींच्या वह्यांमध्ये सगळ्यांत जास्त पानं एका अगदी साध्या पक्ष्याने भरलेली आहेत. ब्लिथचा बोरू वटवट्या. पाठ मातकट, पोट मळकट पांढरं, अंगावर ना ठिपका ना पट्टा. नव्याने पक्षी बघायला आलेली मंडळी त्याच्यावरून दुर्बीण फिरवतात आणि रोहित कुठे दिसतील ते विचारतात. मी मात्र गेले अकरा हिवाळे, शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी, त्यालाच बघत उभी असते. कारण त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा एक भाऊबंद आहे, आणि मला तो भाऊबंद बघायचा आहे.

मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या. इंग्रजी नाव लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर, शास्त्रीय नाव ॲक्रोसेफॅलस ओरिनस. आम्ही आपसात नुसतं ‘ओरिनस’ म्हणतो आणि ब्लिथच्या वटवट्याला नुसतं ‘ब्लिथ’. इथेही तसंच लिहिते.

ओरिनस मी अजून पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही हे लिहायला बसले, कारण तो शोधायचा कसा हे इतक्या वर्षांत हाताला बसलंय, आणि बोरूच्या बेटांकडे जितके जास्त डोळे लागतील तितके हवेच आहेत. एका माणसाच्या रविवारांवर हा पक्षी सापडायचा नाही.

तो हरवला कसा, हे आधी समजून घ्या

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यातून. हेच ह्यूम पक्ष्यांसाठी जीव टाकायचे. १३ नोव्हेंबर १८६७ रोजी सतलजच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या रामपूरजवळ, त्यांना एक मातकट वटवट्या मिळाला. चोच त्यांना वेगळी वाटली, म्हणून त्यांनी नावच ‘मोठ्या चोचीचा’ अशा अर्थाचं दिलं. ते नाव आधीच दुसऱ्या पक्ष्याला दिलेलं निघालं, म्हणून १९०५ मध्ये हॅरी ओबरहोल्सर यांनी ते बदलून ‘ओरिनस’ केलं. ओरिनस म्हणजे डोंगरातला.

त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं जगात या जातीचा ओळखीचा असा हा एकच नमुना होता. १८८५ मध्ये ह्यूम यांनी आपला प्रचंड संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला, त्यात हाही गेला. एकाच नमुन्यावर जात मानायची कशी, असा प्रश्न अभ्यासकांना पडला. कोणी म्हणे हा दुसऱ्याच जातीचा जरा विचित्र निपजलेला पक्षी असेल, कोणी म्हणे संकर असेल. २००२ मध्ये स्टाफान बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन यांनी त्या जुन्या कातड्यातून डीएनए काढून तपासला आणि जात स्वतंत्र आहे हे दाखवलं.

मग २७ मार्च २००६. थायलंडमध्ये लेम फाक बिया इथे, सांडपाणी शुद्ध करण्याच्या तळ्यांच्या कडेला, फिलिप राउंड पक्षी जाळ्यात धरून त्यांच्या पायात ओळखीचे वाळे घालण्याचं काम करत होते. जाळ्यातला एक वटवट्या हातात घेतल्यावर त्यांना चोच लांब वाटली. त्यांनी फोटो काढले, पिसं तपासायला स्वीडनला बेन्श यांच्याकडे पाठवली, आणि उत्तर आलं: ओरिनस. ह्यूम यांच्या पक्ष्यानंतर १३८ वर्षांनी जिवंत ओरिनस पहिल्यांदा ओळखला गेला.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ती बातमी फुटल्यावर इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातले जुने खण नव्याने उघडले गेले, आणि ब्लिथच्या ढिगात अजून एक ओरिनस सापडला. तो १८६९ मध्ये उत्तर भारतातच मिळालेला होता. इतर संग्रहालयांतही असेच निघाले. म्हणजे मधल्या काळात ओरिनस माणसाच्या हाती लागत होता, पेटीतही ठेवला जात होता, फक्त त्याच्या पायाला ‘ब्लिथ’ अशी चिठ्ठी बांधलेली होती.

२००८ मध्ये रॉबर्ट टिमिन्स यांना अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात एक अनोळखी गाणारा वटवट्या ऐकू आला. त्यांनी गाणं ध्वनिमुद्रित केलं, नंतर ट्रिंगला जाऊन कातडी बघितली आणि कोडं सुटलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे जाळी लावून जवळजवळ वीस पक्षी धरून, तपासून सोडले गेले. ओरिनसचं घर सापडलं होतं. शेजारच्या ताजिकिस्तानातही तो वीण करताना आढळला.

हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईलच. ब्लिथ पक्का ओळखता आला नाही म्हणून ओरिनस इतकी वर्षं निसटला, आणि आपल्यापुढची अडचणही नेमकी तीच आहे.

जागा

नावात बोरू असला तरी निव्वळ बोरूकडे बघत बसू नका. वाखानमध्ये हा नदीकाठच्या विलो आणि सीबकथॉर्नच्या झुडपांत राहतो. थायलंडचा पक्षी सांडपाण्याच्या तळ्याकडेचा. यातून मी धडा घेतला तो असा की पाणी आणि झुडूप जिथे एकमेकांना भिडतात ती कड धरायची. बोरू, पाणकणीस, त्याला लागून बेशरमाची झाडी, मागे चार-दोन बाभळी. अशी पन्नास पावलांची पट्टी मिळाली तर ती सोडू नका. गावाबाहेरचा सांडपाण्याचा नाला वास येतो म्हणून टाळू नका. तिथे माश्या, डास, कोळी भरपूर असतात आणि वटवट्यांना तेच हवं असतं.

मी बहुतेक वेळा नांदूर मध्यमेश्वरला असते, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवाच्या संगमावर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये त्याचं नाव झालं. पण ब्लिथ शिकायला रामसर स्थळाची गरज नाही. तो उसाच्या बांधाला असतो, घाणेरीत असतो, शहरातल्या सोसायटीच्या कुंपणातही असतो. सप्टेंबर संपता संपता तो उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. म्हणजे शिकायला पुरता हिवाळा हातात आहे.

बोरूसमोर उभं राहणं

पहिल्या वर्षी मला काहीच दिसत नव्हतं. बोरूत ‘टक्, टक्’ असं ऐकू यायचं, दुर्बीण तिकडे न्यायची, तोवर आवाज दुसरीकडून. मासे धरायला येणारे एक मामा रोज होडी काढताना मला बघायचे. एकदा होडी थांबवून म्हणाले, “ताई, तुम्ही लई हलता. पाखरू तुम्हाला बघतंय, तुम्ही त्याला न्हाई.” मग त्यांनी मला बांधावर खाली बसवलं, पाठ बाभळीला टेकवली आणि सांगितलं, “आता तुम्ही झाड.”

ते एक वाक्य माझ्या सगळ्या पद्धतीचा पाया आहे. बोरूपासून दहा-बारा पावलांवर बसा. सूर्य पाठीशी घ्या. पाठीमागे काहीतरी असू द्या, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उमटणार नाही. अंगावर पांढरं नको. दुर्बीण गुडघ्यावर टेकवून आधीच डोळ्यांच्या उंचीला ठेवा, म्हणजे ती वर उचलण्याची मोठी हालचाल करावी लागत नाही. आणि वीस मिनिटं काहीही करू नका.

सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास आणि त्यातही वारा पडलेला दिवस सगळ्यांत चांगला. वारा असला की बोरूचं अख्खं बेट डोलतं आणि त्यात पक्षी शोधता येत नाही. वारा नसताना सगळे दांडे स्तब्ध असतात आणि मधलाच एक थरथरतो. तो दांडा धरायचा. त्याच्यावर डोळे ठेवून थोडं खाली, बुडाकडे बघायचं. वटवट्या बहुधा खालून वर सरकत येतो. उभ्या दांड्याला तो एका पायाने धरतो, दुसरा पाय शेजारच्या दांड्यावर, आणि अंग तिरकं. थंडीत दव पडलेलं असेल तर अजून एक खूण मिळते: पातीवरचे थेंब अचानक ओळीने गळतात. पक्षी त्या पातीवरून गेलेला असतो.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. दहापट मोठं दाखवणारी घेण्याचा मोह होतो, पण जवळच्या बोरूत इकडून तिकडे पळणारा पक्षी तिच्या अरुंद गोलात राहत नाही. विकत घेताना मात्र एक गोष्ट जरूर तपासा, ती किती जवळचं स्पष्ट दाखवते. दोन-अडीच मीटरवर बसलेला वटवट्या धूसर दिसला तर मोठ्या किमतीचा काय उपयोग.

आवाज लावून बोलवू नका. मोबाइलवर गाणं वाजवलं की पक्षी बाहेर येतो हे खरं, पण थंडीतल्या त्याच्या खाण्याच्या वेळेतून तुम्ही ती मिनिटं काढून घेता. शिवाय जो पक्षी घाबरून किंवा चिडून बाहेर आलाय त्याचं बसणं, शेपटी, सगळं बदललेलं असतं. त्यातून शिकायला मिळत नाही.

आधी बाकीचे बाजूला काढा

बोरूत दिसणारा प्रत्येक मातकट पक्षी ब्लिथ नसतो. हा भाग मी भराभर सांगते, कारण इथे एक-दोन हिवाळ्यांत हात बसतो.

बुलबुलाएवढा, दणकट, डोकं टोकदार आणि आवाज कर्कश, जणू कोणी लाकडी फळीवर करवत ओढतंय, तो मोठा बोरू वटवट्या, इंडियन रीड वॉर्बलर. नवख्यांना मोठी चोच दिसते आणि ‘हाच ओरिनस’ असं वाटतं. नाही. आकारातच फरक आहे. ओरिनस ब्लिथच्याच मापाचा, चिमणीहून लहान. लांब शेपटी वर करून हलवणारा साधा वटवट्या आणि राखी वटवट्या तुम्हाला माहीत असतीलच. पाय काळे, चोच सुईसारखी बारीक आणि सतत चुळबुळ, तो चिफचाफ. शेपटी टोकाला चौकोनी, तिच्या कडा फिकट, अंगाचा रंग धुवट, तर बूटेड किंवा साइक्सचा वटवट्या. भुवई ठळक पांढरी, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली आणि तिच्यावर गडद रेघ, चोच जरा आखूड, तर पॅडीफील्ड वॉर्बलर, भातखाचरातला बोरू वटवट्या.

उरला तो ब्लिथ. तिथे थांबा.

ब्लिथ पाठ करणं

मी मुलांना पाढे शिकवते तेव्हा सांगते की सतराचा पाढा येईपर्यंत गुणाकाराकडे जायचं नाही. ब्लिथचंही तसंच आहे. एकाच पक्ष्याला एका बैठकीत अर्धा तास बघायचं. पन्नास पक्ष्यांची यादी करून घरी गेलात तर हे जमणार नाही.

ब्लिथ बसला की बघा, डोकं आणि शेपटी दोन्ही किंचित वर उचललेली, मधे पाठ खोलगट, केळ्यासारखी. भुवई आखूड, मुख्यतः डोळ्याच्या पुढे, चोचीच्या मुळाशी फुगीर आणि मग पुसट. पंख मिटलेला असताना त्याची टोकं आखूड, शेपटीच्या मुळापाशीच संपतात. आवाज ‘टक्’, जिभेने टाळूवर हलकं चापटल्यासारखा. मधेच ‘टर्रर’.

आता चोच. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. बोरूची लेखणी तासताना टोक तिरकं कापतात, तशी ब्लिथची चोच बाजूने सरळ, लांबट आणि टोकाकडे निमुळती होत जाते. वरची चोच गडद. खालची चोच मुळाशी फिकट, गुलाबी-पिवळसर, आणि बहुतेक पक्ष्यांत पुढे टोकाकडे गडद होत जाते. ती सावली किती लांब आहे, कुठे सुरू होते, हे प्रत्येक ब्लिथचं वेगळं असतं. माझ्या वहीत याच्यासाठीच एक रकाना आहे: ‘खालची चोच’. त्यात मी बारीक पेन्सिलीने चोच काढते आणि गडद भाग रंगवते. सुरुवातीच्या वर्षांची चित्रं आणि आत्ताची चित्रं शेजारी ठेवली तर कळतं की पक्षी बदलले नाहीत, मी बघायला शिकले.

शेपटी बघायची ती खालून. पक्षी डोक्याच्या वर गेला की ही संधी मिळते. ब्लिथची शेपटी टोकाला गोलसर असते. पिसांची टोकं कशी आहेत तेही बघा. हिवाळ्याच्या शेवटी ती झिजलेली असतात, म्हणून नोव्हेंबरचा ब्लिथ आणि मार्चचा ब्लिथ दोन्ही डोळ्यांत बसवून ठेवावे लागतात.

रंगावर फार विसंबू नका. हिरव्या पातीत बसलेल्या पक्ष्याची छाती हिरवट दिसते, सकाळच्या उन्हात तोच पक्षी तांबूस दिसतो, ढग आला की राखाडी. एकच ब्लिथ तासाभरात मी तीन रंगांचा पाहिलाय.

आणि मग, वेगळा कुठे आहे

ओरिनसची चोच ब्लिथपेक्षा लांब आणि रुंद असते, आणि खालची चोच टोकापर्यंत फिकट असते. शेपटीची पिसं टोकाला अधिक निमुळती, टोकदार, आणि बाहेरच्या पिसांकडे ती पायरी-पायरीने आखूड होत जाते. पायाची नखं, विशेषतः मागच्या बोटाचं नख, लांब. एवढंच. भुवई, रंग, बसणं, सगळं ब्लिथच्या इतकं जवळचं की यातली एक खूण एकटी पुरत नाही. दोन खुणाही पुरत नाहीत. चोच, शेपटी आणि नख तिन्ही एकाच पक्ष्यावर स्पष्ट दिसायला हवीत, आणि तिन्ही फोटोत हवीत. हाकेवरून ठरवायला जाऊ नका.

म्हणून मी म्हणते ब्लिथ पाठ करा. ‘लांब चोच’ हे शब्द कोरे आहेत. कशापेक्षा लांब, हे तुमच्या डोळ्यांना आधी माहीत असलं तरच ती लांबी दिसेल. फिलिप राउंड यांनी हातात धरलेल्या पक्ष्याची चोच त्यांना खटकली, कारण त्यांनी त्याआधी असंख्य वटवटे हातात धरलेले होते.

फोटो

मोबाइल इथे कामाचा नाही. चारशे मिलिमीटरच्या आसपासची लेन्स हवी. कॅमेऱ्याचा आपोआप फोकस करणारा भाग बोरूत नेहमी पुढची पात धरतो आणि मागचा पक्षी धूसर राहतो, म्हणून फोकसचा एकच बारीक बिंदू निवडा आणि शेवटचा थोडा फोकस हाताने फिरवून जमवा. शटर जलद ठेवा. चित्र जरा खरबरीत आलं तरी चालेल, हललेलं चालणार नाही.

सुंदर फोटोच्या मागे लागू नका. तुम्हाला हवेत ते फोटो असे: चोच अगदी बाजूने, चोच खालून, मिटलेला पंख, शेपटीची खालची बाजू आणि फांदी धरलेला पाय. पाचवा सगळ्यांत अवघड, कारण नखं पानाआड असतात. पक्षी ओळखायचा आहे हे लक्षात ठेवून शटर दाबत राहा. पक्षी समोरून तुमच्याकडे बघत असेल तो फोटो मित्रांना आवडेल, पण समोरून चोचीची लांबी कळत नाही.

आवाज आला तर मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण लगेच सुरू करा. तेवढ्यासाठी मोबाइल चांगला.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगते. जानेवारी, धुकं नुकतं उठलेलं. चापडगावच्या बाजूला बेशरमाच्या झुडपातून एक वटवट्या बाहेर आला आणि वाळलेल्या काडीवर बसला. माझ्यापासून सहा-सात पावलांवर. चोच बघताच छातीत धस्स झालं. लांब, आणि खाली लख्ख फिकट, टोकापर्यंत. चाळीस सेकंद असेल, तेवढ्यात मी सतरा फोटो घेतले. पक्षी आत गेला तो गेलाच. दुपारपर्यंत मी तिथून उठले नाही.

घरी येऊन फोटो मोठे करून बघितले. सतरापैकी तीन स्पष्ट होते. पहिल्या दोनांत खालची चोच टोकापर्यंत फिकट. तिसऱ्यात पक्ष्याने मान थोडी वळवली होती, चोचीवर सरळ ऊन पडत नव्हतं, आणि टोकाच्या अलीकडे सावलीसारखा गडद भाग होता. पुसट, पण होता. पहिल्या दोन फोटोंत उन्हाच्या चकाकीने तो झाकला गेला होता. शेपटी एकाही फोटोत खालून नव्हती. नखं पानामागे.

त्या रात्री मी वहीत लिहिलं: ‘ब्लिथ असावा. शेपटी आणि नखं दिसली नाहीत.’ हात जड झाला होता लिहिताना. पण ह्यूम यांच्यानंतर ज्यांनी चिठ्ठीवर ठोकून ‘ब्लिथ’ लिहिलं त्यांची चूक आणि मी ठोकून ‘ओरिनस’ लिहिलं असतं तर ती चूक, दोन्ही एकाच जातीच्या. त्या दिवसापासून मी दोन नियम पाळते. पहिला, ऊन चोचीवर सरळ पडलेला फोटो एकटा पुरावा मानायचा नाही, सावलीतला फोटो मिळेपर्यंत थांबायचं. दुसरा, चोच दिसली की लगेच लेन्स शेपटीकडे आणि पायाकडे न्यायची. चोच बघत राहायला मन ओढतं, तेव्हाच लेन्स खाली न्यायची.

जे करू नये

पक्षी पकडून चोच मोजण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय रानपक्षी धरणं गुन्हा आहे, आणि जाळ्यातून पक्षी इजा न करता सोडवणं हे वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाचंच काम आहे. तुम्हाला संशयाचा पक्षी दिसला तर फोटो, ध्वनिमुद्रण, तारीख, वेळ, झुडूप कोणतं, पाण्यापासून किती अंतरावर, एवढं घेऊन वाळे घालण्याचा परवाना असलेल्या अभ्यासकांकडे जा. सगळे फोटो द्या, वाईटसुद्धा. माझ्या त्या तिसऱ्या फोटोसारखा एखादा खराब फोटोच खरं सांगत असतो.

ठिकाण लगेच जगजाहीर करू नका. दुसऱ्या दिवशी चाळीस जण बोरू तुडवत आत शिरले तर पक्षी जाईलच, बोरूही जाईल.

आणि बोरूबद्दल एक बोलायचंच आहे. आमच्या भागातल्या एका तळ्याचं सुशोभीकरण झालं. काठाचं पाणकणीस, बोरू, बेशरम, सगळं मशिनने उपटलं, दगड लावले, चालायला रस्ता केला, रंगीत दिवे बसवले. लोकांना फिरायला जागा हवी हे मला कळतं. पण आधीच्या हिवाळ्यात तिथे दर शंभर पावलांवर ‘टक्’ ऐकू यायचं, आणि त्या हिवाळ्यात अख्ख्या फेरीत एकदाच ऐकू आलं, तेही शेजारच्या शेताच्या बांधावरून. तळ्याची एक बाजू, निदान नाला येऊन मिळतो तेवढा कोपरा, तसाच ठेवायला सांगितलं असतं तर खर्चही वाचला असता. तुमच्या गावच्या तळ्याचं असं काही ठरत असेल तर ग्रामसभेला जा आणि तेवढा कोपरा मागा. मागताना हातात नोंदवही असू द्या. ‘इथे पक्षी येतात’ या वाक्यापेक्षा ‘१२ डिसेंबरला सकाळी सात ते नऊ या वेळात या कोपऱ्यात अमुक दिसले’ हे वाक्य जास्त ऐकलं जातं. हे मी अनुभवाने सांगते, दुसऱ्या एका गावी असा कोपरा राहिलाय.

या ऑक्टोबरपासून सुरुवात करायची असेल तर एक शंभर पानी वही घ्या. एका पानावर एकच पक्षी. वर तारीख, वेळ, ऊन की ढग. मधे चोचीचं चित्र, बाजूने. खाली शेपटीचं, खालून. जे दिसलं नाही तिथे फुली मारा, अंदाजाने रंगवू नका. शंभर पानं भरायला मला पहिल्यांदा दोन हिवाळे लागले होते. माझी सध्या सातवी वही चालू आहे, आणि तिच्या मधल्या पानांत तो जानेवारीतला पक्षी आहे: चोच अर्धवट रंगवलेली, शेपटीच्या जागी फुली, पायाच्या जागी फुली.